पब्लिक : होय

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यावर
पत्र्याच्या खोलीत माझं टेबल.
खाली बावीस माग, वर मी आणि कूलर.
कूलरमध्ये पाणी मीच घालते.

कोड फारसा लिहावा लागत नाही.
चौकोन ओढायचा, सोडायचा, बाण जोडायचा.
शेटजींना वाटतं मी रांगोळी काढते,
आणि ते अगदीच चूक आहे असं नाही.

मजुरीचं मॉड्यूल केलं तेव्हा
त्यात एक बारकी क्रिया ठेवली, नाव 'सुटे_सोड'.
रुपयाखालचं जे उरेल ते काढून टाकायचं.
मागवाल्यांसाठी होती; त्यांचा हिशेब आठवड्यातून एकदा,
सुटे कोण देतो, कोण मागतो.
खाली रकाना होता : पब्लिक.
मी 'होय' केलं.
का, आठवत नाही. बहुतेक चहा आला होता.

होटगी रोडच्या युनिटातल्या विनायक चिलकाने
ती उचलली, शिलाईच्या मॉड्यूलसाठी.
विचारलं नाही. विचारावं लागत नाही,
हीच तर सोय.
मीही त्याचं तारखेचं कॅलेंडर घेतलं होतं,
आणि ती हिरवी पट्टी, 'जतन झाले' म्हणणारी.

गड्ड्याच्या आधी अंबुबाई म्हंता जिना चढून आली.
हातात नातवाची चौकटीची वही.
"बाई, तुमचं मशीन सुटे खातंय."
एका गठ्ठ्याचे अठरा रुपये साठ.
मशीन म्हणतं, अठरा.
दिवसाला चौदा गठ्ठे, प्रत्येकाचा हिशेब वेगळा,
म्हणजे आठ रुपये चाळीस.
बेचाळीस बायका.
आकडेमोड तिनेच केली होती, पेन्सिलने,
हातचे धरून.

मी विनायकला फोन लावला.
तो म्हणाला, "तू केलेलं म्हणून मी उघडूनच बघितलं नाही गं."

नाना जकार्डची कार्डं पाडायचे.
मोराचा संच पूर्वभागात घरोघर फिरायचा,
बदल्यात कधी शेंगाचटणी, कधी नुसतं 'बरं'.
एकदा एक भोक राहिलं.
पाच घरांच्या चादरींवर मोर आला
डोळ्याविना.
कुणी तक्रार केली नव्हती, चादरी खपतही होत्या.
नाना पंच आणि हातोडी पिशवीत घालून
सायकलवर निघाले,
पाचही घरी जाऊन ते एक भोक पाडून आले.
रात्री आईने विचारलं, "एमैंदि?"
म्हणाले, काही नाही. डोळा.

तर मी यादी उघडली,
'सुटे_सोड' कोण कोण वापरतं.
वाटलं होतं दोन. निघाली सात.
कॅन्टीन. ओव्हरटाइम. उचलीचा हप्ता,
जिथे सुटे सोडले की फायदा मजुराचाच.
म्हणजे इथे बरोबर केलं
की तिथे कापणार.
मूळ तसंच ठेवलं. शेजारी नवी क्रिया बांधली, पैशापर्यंत मोजणारी.
शिलाईचा बाण तिकडे वळवला.
ओव्हरटाइमचाही.
मागवाल्यांचाही वळवला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
मग वर्णनाच्या रकान्यात,
जो मी कधीच भरत नाही,
लिहिलं : 'हे कापतं. घेण्याआधी विचारा.'
खाली माझा नंबर.

मागच्या पाच महिन्यांचं शेटजींना विचारलं.
"बघू," म्हणाले, आणि मागांच्या आवाजात
पुढचं काही ऐकू आलं नाही.
अंबुबाईने वही परत नेली नाही.
माझ्या माउसखाली आहे.

सातवं मॉड्यूल कुणाचं, अजून कळलेलं नाही.
बनवणारा नोकरी सोडून पुण्याला गेला म्हणतात.
ते रात्री दोनला उठतं,
माझ्याकडून काहीतरी मागून घेतं,
कुणाचे तरी सुटे सोडतं,
आणि पुन्हा झोपतं.