बाहेरची कड

साखर पेठेतल्या नागप्पानं चप्पल उलटी केली,
तळावरून अंगठा फिरवला.
आतून कोरी, बाहेरच्या कडेनं पार झिजलेली.
"अंबादासची ना?"
हो, वडलांची.
"आणि ही?"
ही माझी.
तो हसला नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या.

न्हाणीतून नान्ना बाहेर आले की
शहाबादी फरशीवर टाच उमटायची, पाच बोटं उमटायची,
मधे नुसती एक ओली दोरी, बाहेरच्या अंगानं.
बाकी पाऊल जमिनीला लागायचंच नाही.
अम्मा म्हणायची, कमान आहे, राजाचा पाय.
राजा बारा तास मागावर उभा राहायचा
आणि रात्री घोट्याला विटेचा शेक घ्यायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं वजन आत वळतच नाही,
पाऊल धक्का पचवत नाही,
तसाच गुडघ्याकडे धाडून देतं.
कागदावर काढूनही दाखवलं.
मला धोट्याची खडखड ऐकू येत होती.

नागप्पा आता बाहेरच्या कडेला
टायरची पट्टी ठोकतोय, दीड सूत जाड.
"आठ दिवस टोचेल," म्हणतो, तोंडात चुका धरून.

तोवर मी उन्हात उभी,
एका पायात नान्नांची, दोन बोटं मोठी,
दुसरा पाय पोत्यावर,
तिथंही बाहेरच कललेला.