तीन नंबर

अशोक चौकातला पानवाला अजून विचारतो,
“गोवर्धन, नेमकं काय खेळत होतास बे?
कबड्डीसारखंच ना?”
अण्णा मान हलवतो. म्हणजे खांद्यापासून सगळाच वळतो,
मान आता वेगळी हलत नाही.

लग्नात शिंप्यानं गळ्याचं माप दोनदा घेतलं.
साडेएकोणीस. आधी टेप तपासली, मग अण्णाला.
शेवटी वरच्या बटणाला दोऱ्याचा फास करून दिला.
फोटोत तो टायनं झाकलाय.

सुरुवात हातगाडीवर झाली.
चादरींचे आठ गठ्ठे, अक्कलकोट रोड, दुपारचे दोन,
आणि मुल्ला सर स्कूटर थांबवून बघत राहिले.
“एकटाच ढकलतोस?”
“दुसरा कोण आहे?”
दुसऱ्या दिवशी पार्क मैदानावर त्यांनी पपईसारखा चेंडू काढला,
सायकलच्या दुकानात हवा भरलेला.
टप्पा पडला की कुत्र्यालासुद्धा चकवायचा.
सर म्हणाले, “हा तुझ्या हातात फारसा येणार नाही.
तू फक्त ढकल.”

तसंच झालं.
देशासाठी सत्तावीस सामने,
रेषेपलीकडं चेंडू टेकवला, असं एकदाही नाही.
आठ जणांच्या त्या खेकड्यात तो उजव्या कोपऱ्यात,
डोकं दोन परक्या डोक्यांच्या मधे,
उजवा कान घासून घासून फुलकोबीचा तुरा.
चेंडू पायांखालून मागं जायचा, मागचं कुणीतरी पळायचं,
टाळ्या पळणाऱ्याला.
हा मातीतून उठेपर्यंत खेळ पन्नास पावलं पुढं.

पेपरात कधी फोटो आला तर ढीगच यायचा.
नायना चष्मा पुसून बोट ठेवायचे,
“ही पोटरी आपली.”
कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे.
सात पोटऱ्या, दोन पाठी, एक बूट.
बुटाबद्दल आमचा वाद अजून मिटलेला नाही.
अम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारून
एकच सामना पाहिला, माझ्या मोबाइलवर.
“हे सगळे माझ्याच पोरावर का पडलेत?”
आणि परत दोरा गुंडाळायला लागली.

मग कोलंबोचा एक क्लब. तीन हंगाम पगार.
व्हिसाच्या कागदावर, व्यवसायाच्या रकान्यात,
घराण्यात पहिल्यांदा विणकर सोडून काही लिहिलं गेलं.
पहिल्याच सामन्यात भुवई फुटली.
कुणीतरी टॉवेल दाबला. रक्त थांबलं
तेव्हा कोपऱ्यातलं लेबल दिसलं: सोलापूर.
फोनवर म्हणाला, “रडू आलं बे,
टाके घालणाऱ्याला वाटलं, दुखतंय.”
त्या पगारातून हा चौथा माग आला.
तो चालतो तेव्हा मला कधीकधी
त्याच्या मानेवर उभं राहिल्यासारखं होतं.

मान गेली ती कुठल्या मोठ्या सामन्यात नाही.
सरावाला, मंगळवारी.
मणक्यातली एक गादी सरकली,
उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून परक्याची.
क्लबचं पत्र अडीच ओळींचं, त्यातली एक शुभेच्छांची.
चौतिसाव्या वर्षी स्टेशनवर उतरला
आणि जन्मात पहिल्यांदा हमाल केला.

आता कांड्या मोजतो, हिशेब बघतो.
तुटलेली तार बोटात धरवत नाही तेव्हा
तेलुगूत शिव्या देतो, तारेला.

काल रात्री भरलेलं बीम चढवायचं होतं.
जॉबर आलाच नाही. मी आणि शेजारचा इरण्णा, दोघंच.
अण्णाला उचलायची बंदी.
तो आमच्या मागं येऊन उभा राहिला.
“गुडघ्यात वाक. पाठ नको वाकवू. अजून खाली बे, अजून.”
पाठीवर त्याचा तळहात, त्यातली तीनच बोटं जिवंत.
मग एका आवाजात, जो या घरात कधी ऐकला नव्हता:
“क्राउच.”
“बाइंड.” इरण्णानं माझा सदरा मुठीत आवळला.
“सेट.”

बीम खोबणीत बसलं.
माझा कान कुठंतरी घासून सोलला होता.
अण्णानं मला ट्यूबखाली ओढलं,
बराच वेळ बघत राहिला.
“उजवा,” म्हणाला.