कळ

हेडली ट्रेविनची हिरवी एमजी, चौसष्टची.
पहिला गिअर हट्टी.
चालत्या गाडीत घाईनं टाकलात
की दात विचकायचा.
"क्लच दाब, न्यूट्रलला ये, सोड,
जरा रेस दे, मग पुन्हा दाब.
दार वाजवून आत जावं माणसानं."

बॉडमिनच्या माळावर, मेंढ्यांच्या देखत
सतरा वर्षांची मॉर्वेना
कानानं गाडी चालवायला शिकली.

चौथ्यात साठ मैल. इंजिनाचा नुसता आरडाओरडा.
मग डॅशबोर्डवरची ती इवलीशी कळ.
खट्.
क्लच नाही, दांड्याला हात नाही.
पायाखाली तेलाचा दाब चढतो,
एक शंकू सरकून कड्याला घट्ट धरतो,
मधला सूर्य जागीच थांबतो
आणि ग्रह त्याच्याभोवती लोळत सुटतात.
वेग तोच.
इंजिन मात्र तीन हजारांवरून चोवीसशेवर,
जेवून ओसरीवर टेकल्यासारखं.
हेडली तेव्हाच तेवढा शीळ घालायचा.

"आणि हे बघ,
झडप चिकटते कधीमधी.
रिव्हर्स टाकायच्या आधी कळ बंद,
नाहीतर आतला सगळा संसार मोडेल."
हे दर वेळी. लग्नाच्या दिवशीसुद्धा.

आज गिऱ्हाईक फाटकाशी उभं आहे,
लॉन्स्टनचा कुणी पेंगेली, नोटा मोजून आणलेला.
गाडी गॅरेजातून मागं काढायची.
मॉर्वेना चावी लावते, आणि बघते:
कळ चालूच.
म्हणजे त्या शेवटच्या फेरीनंतर
बाबा विसरला होता.
बाबा.

पेंगेली घड्याळ बघतो.
ती कळीवर बोट ठेवून बसून राहते,
दाबत नाही अजून.