जुना पोचा

कुपवाडात, इलाही मिस्त्रीच्या शेडमध्ये
महिना झाला, गाडी बॉनेट वासून उभी.
सर्व्हेअर आला, चहा नको म्हणाला.
बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मे कापले.
काच पूर्ण. नटबोल्ट तुमचे तुम्ही.

"अंकलीच्या पुलाजवळ आडवं काय आलं?"
रेडकू.
"मालक?"
एकटंच होतं, साहेब.
त्यानं लिहिलं : अज्ञात.

मागच्या दारापाशी तो वाकला.
"हा पोचा जुना. क्लेममध्ये बसत नाही."
तो गेल्यावर इलाही म्हणाला, बसवतो की!

नको.
कुमुद गाडी शिकत होती तेव्हाचा तो,
रिव्हर्स टाकून थेट नळाच्या कट्ट्याला.
फुटका नळ भळाभळा वाहत होता
आणि आम्ही आत बसून हसत होतो.

त्या दाराला हात लावू नकोस, इलाही.
तेवढं नामंजूरच राहू दे.