नऊ वाट्या

अमळनेरला, धुळे रस्त्यावर, टायरच्या दुकानामागे
रोहिदास देसलेनं सहा स्टुलांचं हॉटेल काढलंय.
पाटी नाही. एक निळा पडदा, त्याखालून वाकून जायचं.
मी वाकलो. वयानं नाही, दार बुटकं म्हणून.

चार लग्नसराया हा माझ्या हाताखाली कांदा चिरायचा.
मी आचारी. हजार माणसांचं वरण
एका दमात घाटलेला माणूस.
मीठ मी ओंजळीनं मोजतो.
तो नऊ वर्षं जपानात राहून आला, कानाझावा नावाच्या गावी,
आता चिमटीसुद्धा तराजूत घालतो.

पहिल्या वाटीत तीन सोलाणे.
मला वाटलं, चाखायला दिलेत.
दुसरीत गरम पाणी, तळ दिसणारं,
त्यात गाजराचं एक फूल.
'मासा नाही ना रे?' मी गळ्यातली माळ चाचपली.
'नाही नाना, वाळवलेल्या आळंब्यांचं आहे. तुमचं पातेलं वेगळं.'
पातेलं वेगळं! सहा माणसांच्या जेवणात!

तिसरी दादरच्या हुरड्याची. चौथी येईस्तोवर
मी भिंत बघितली, शेजारचे डॉक्टर बघितले,
त्यांची बायको वाटीचा फोटो काढत होती,
मग वास घेत होती, मग परत फोटो.
आमच्या पंगतीत एवढ्या वेळात
दोनदा भात फिरला असता,
एक पाहुणा रुसून, समजूत निघून, परत बसला असता.

पाचवीत वांगं आलं.
आपलंच, हिरवट पांढरं,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हे नाकानंच सांगितलं.
पण बडवलेलं नाही. मिरची नाही, कांद्याची पात नाही.
सोलून, देठासकट, आडवं निजवलेलं,
नुकतं न्हाऊ घातलेलं लेकरू जसं.
हात लावायची भीती वाटली.
चाळीस वर्षं मी वांगी बडवत आलो,
कधी नुसतं खाल्लं नव्हतं.
जरा अळणी होतं. खोटं कशाला बोलू.

सातवी उचलताना लक्षात आलं,
बाकीच्यांच्या वाट्या गुळगुळीत गोल,
माझ्याच वाटीला खाली उंच बैठक, धरायला.
डाव्या हाताची माझी दोन बोटं मिटत नाहीत,
साक्रीच्या लग्नात कढई कलली तेव्हापासून.
हा तेव्हा सतरा वर्षांचा. पळत जाऊन
कुणाच्या तरी घरून बटाट्याचा कीस आणला होता.

'याला काइसेकी म्हणतात, नाना.
भूक दबावी म्हणून तिकडचे साधू
तापलेला दगड पोटाशी धरायचे, तो हा दगड.'
'दगड मला ठाऊक आहे,' मी म्हणालो,
'बहात्तर साली खडी फोडलीय मी.'
डॉक्टर हसले. रोहिदास हसला नाही.

शेवटी भात, केळफुलाचं लोणचं, एक बोर.
'पोट भरनं का, नाना?'
'नही भरनं.'
त्यानं मान लववली, तिकडच्यासारखी, कमरेतून.
तो वाकला तेव्हा मागच्या भिंतीवर दिसला
झारा. लांब दांड्याचा, कडेला चेपलेला,
दांड्यावर खिळ्यानं कोरलेला माझ्या नावाचा 'भ'.
पारोळ्याच्या लग्नात हरवलेला,
ज्याचे दीडशे रुपये मी याच्याच मजुरीतून कापले होते.

घासून घासून लख्ख केलेला.
मी बघितला. मी बघितलेलं त्यानं बघितलं.
बोराची आठोळी बराच वेळ गालात फिरवली,
मग विचारलं,
'वांगं कुठलं रे? बामनोदचं?'