उणे सत्तर मिलिव्होल्ट

मी वर्गात शिरले तेव्हा
पोरं उठून उभी राहिली.
त्यांना वाटलं, केमिस्ट्रीच्या नव्या मॅडम.
मी चौथ्या बाकावर जाऊन बसले.
आधी शांतता, मग मागून दाबलेलं हसू,
आणि शेजारच्या पोरीनं सरकवलेली बाटली :
"पाणी घ्या, बाहेर जाम तापून राहिलं."

नंदनवनातली ही खोली.
अठ्ठेचाळीस पोरं, एक कूलर,
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास.
पंखा अडला की सगळे माझ्याकडे बघतात.
कपॅसिटर गेला, मी न उठताच सांगते.
चौदा वर्षं वीज कंपनीत काढली,
उमरेड रोडची लाइन, अकरा केव्हीचे फीडर,
वादळाच्या रात्री फोनवर ऐकलेल्या शिव्या.

आता पुस्तकात वाचते :
विश्रांत चेतापेशीच्या पडद्यावर
उणे सत्तर मिलिव्होल्ट.
एवढंच?
एवढ्यानं बोटाला साधी झिणझिणी येत नाही
आणि एवढ्यावरच चाललेलं असतं सगळं,
पापणी, राग, आईचा जुना फोन नंबर
ती गेल्यावरही पाठ असणं.
समासात पेन्सिलनं लिहून ठेवते :
अर्थिंग कुठे?

बाबा बिलाच्या पाठीवर हिशेब मांडतात.
अडतीस. अधिक साडेपाच. अधिक तीन, पुढे शिकलीस तर.
बेरीज करत नाहीत.
कागद फ्रिजवर तसाच, मिरचीच्या आकाराच्या चुंबकाखाली.
आत्या फोनवर :
"काऊन करून राहिली हे? पक्की नोकरी होती नं बापा."

उईकेंचं नाव मी कुणाला सांगत नाही.
फीडर बंद होता, परमिट माझ्या सहीचं होतं.
कुठल्याशा लग्नाच्या हॉलमध्ये जनरेटर लागला
आणि मेलेली लाइन उलट्या बाजूनं जिवंत झाली.
मी त्यांच्या छातीवर हात ठेवले, मोजू लागले.
किती खोल दाबायचं, ठाऊक नव्हतं.
किती वेळा, ठाऊक नव्हतं.
शाळेतल्या पाढ्यांसारखी नुसतीच मोजत राहिले.
गाडीतून उतरलेली डॉक्टर
माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान.
म्हणाली, बाजूला व्हा.
मी झाले.

सराव परीक्षेत चारशे बारा.
शेजारच्या इक्राला सहाशे पस्तीस, तरी ती रडली.
मी तिला किर्चहॉफ शिकवते, ती मला आनुवंशिकी.
"मॅडम, तुम्ही घोकतच नाही," ती रागावते,
"सारखं विचारता, असं का होते म्हणून.
पेपरात 'का' नसते."
दोघी मेडिकल चौकात तर्री पोहे खातो.
पलीकडे फाटकातून पांढरे कोट येतात-जातात.
तिकडे दोघीही बघत नाही.

रात्री अकराला लाइट जाते.
हात सवयीनं फोनकडे जातो.
कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज असणार,
आवाजावरूनच कळलं.
खालून बोबडे काका ओरडतात :
"मॅडम, किती वेळ लागन?"
"मला माहीत नाही," मी म्हणते.
चौदा वर्षं हेच वाक्य
किती वेगवेगळ्या शब्दांत फिरवलं होतं.

गच्चीची फरशी अजून गरम आहे.
अंधारात क्रेब्ज चक्र म्हणून बघते.
सायट्रेट, आयसोसायट्रेट,
सक्सिनेटपाशी अडते.
पुन्हा पहिल्यापासून धरते.