लाल कागद

अजमानच्या गोलचक्करावर फार काही झालं नाही.
बख्त रवानच्या पिकअपचा मागचा दिवा फुटला,
माझ्या बंपरची हनुवटी लोंबली.

पोलिसानं विचारलं, चूक कोणाची?
त्यानं ब्रेक अचानक मारला
असं म्हणता आलं असतं.
पण मांडीवरचा फोन अजून उजळलेला,
आणि मागे बूस्टर सीटवर रेवा,
सगळं पाहिलेली.

माझी, म्हणालो.

त्याला हिरवा कागद, मला लाल.
पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत
पहिले सातशे दिरहम माझेच;
पुढल्या वर्षी हप्ता चढेल तो वेगळा.
उन्हात बख्त रवाननं रेवाला
गार लबनची बाटली दिली.
मला काही नाही.

परतीच्या वाटेवर फोन वाजत राहिला,
डिकीत.
रेवा मोजत होती:
बारा, तेरा…